लेपाखालचा सेन्सर: काही अनुभवाचे बोल

शरीरात बसवायच्या सेन्सरवर काम करायला येणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतो, "मॅडम, शरीराला कळणारच नाही असा लेप मिळेल का?" मी पॉलिमर रसायनशास्त्राची. पुण्यात राहून ग्लुकोज सेन्सरच्या केसासारख्या बारीक तारांवर पातळ थर चढवण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही मिळणार, आणि तो शोधत बसू नका. शरीराला कळणारच. कळल्यावर ते काय करतं, किती दिवसांत करतं आणि तोवर आपला आकडा खरा राहतो का, एवढंच आपल्या हातात असतं. पुढचे मुद्दे या उत्तराचाच विस्तार आहेत. कुठूनही वाचा, चौथा मात्र वगळू नका.

१. लेपाचा विचार शेवटी करू नका

बहुतेक प्रकल्पांत आधी इलेक्ट्रोड तयार होतो, मग त्यावर एन्झाइम बसतं, मग इलेक्ट्रॉनिक्सवाले खूश होतात आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी म्हणतं, "आता वरून काहीतरी बायोकम्पॅटिबल लावून द्या." या विषयाचा इतिहास नेमका उलट्या क्रमाने घडला आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत लेलँड क्लार्क रक्तातला ऑक्सिजन मोजण्याच्या मागे होते. उघडं प्लॅटिनम रक्तात घातलं की त्यावर प्रथिनं आणि पेशी बसायच्या आणि प्रवाह घसरत जायचा. क्लार्क यांनी प्लॅटिनमवर सेलोफेन लावून पाहिलं, आणि पुढे प्लॅटिनमचा आणि त्याच्या जोडीचा असे दोन्ही इलेक्ट्रोड एकाच पॉलिथिनच्या पटलामागे नेऊन बसवले. ऑक्सिजन आत यायचा, रक्त बाहेर राहायचं. १९५६चा प्रसिद्ध क्लार्क इलेक्ट्रोड तो हाच. १९६२मध्ये त्यांनी आणि लायन्स यांनी पटलाआड ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम कोंडण्याची कल्पना मांडली आणि आजच्या ग्लुकोज सेन्सरची वंशावळ सुरू झाली. आधी पटल सुचलं, साखर मोजणं नंतर आलं.

त्या एन्झाइमला ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूमागे ऑक्सिजनचा एक रेणू लागतो. कातडीखालच्या द्रवात ग्लुकोज भरपूर असतं आणि ऑक्सिजन त्याच्या मानाने कित्येक पटींनी कमी. दोघांनाही मोकळं सोडलं तर एन्झाइमला ऑक्सिजन पुरत नाही आणि रक्तातली साखर चढत असताना सेन्सरचा आकडा एका जागी अडून बसतो. म्हणून बाहेरच्या पटलाने ग्लुकोजला अडवत अडवत सोडायचं आणि ऑक्सिजनला मोकळी वाट द्यायची, असा हिशेब बांधावा लागतो. त्यासाठी पॉलियुरेथेनच्या साखळीत सिलिकोनचे तुकडे ऑक्सिजनसाठी गुंफतात आणि पाणी धरणारे तुकडे ग्लुकोजसाठी. टेक्सासमधल्या अॅडम हेलर यांनी ऑस्मियमच्या पॉलिमरमधून एन्झाइमचे इलेक्ट्रॉन थेट तारेपर्यंत आणून ऑक्सिजनची ही गरज बरीच कमी केली. पण त्या वाटेनेही ग्लुकोज अडवणारं पटल सुटलं नाही.

आता हेच पटल शरीराला सामोरं जाणार असतं. शरीर खूश व्हावं म्हणून त्याचं रसायन बदललं की ग्लुकोजची वाट बदलते, सेन्सरची संवेदनशीलता बदलते, नवा थर जाड झाला तर आकडा उशिरा येतो. त्यामुळे लेपवाल्याची खुर्ची पहिल्या बैठकीपासून मांडलेली असावी. मी तरी आता मधल्या टप्प्यावर बोलावणं आलं तर जात नाही.

२. मोजायचं काय आहे, ते आधी विचारा

हृदयविकाराच्या रुग्णांसाठी फुप्फुसाच्या धमनीत सोडायचा एक बिनबॅटरीचा दाबमापक सेन्सर आहे, कार्डिओमेम्स नावाचा. अमेरिकेत त्याला २०१४मध्ये परवानगी मिळाली. तो आत गेल्यावर रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर हळूहळू त्याच्यावर पसरतं आणि त्याला झाकून टाकतं. डॉक्टरांना ते हवंच असतं. अस्तराखाली गेलेल्या वस्तूवर गुठळी होण्याचा धोका कमी होतो आणि दाब त्या पातळ थरातूनही पोचतो. असाच थर ग्लुकोज सेन्सरवर बसला तर त्याचं काम तिथेच अडायला लागतं, कारण त्याला साखरेचे रेणू प्रत्यक्ष हाती यावे लागतात. मेंदूतल्या इलेक्ट्रोडचं दुखणं आणखी निराळं. तिथे व्रणाची ऊती चेतापेशींना लांब ढकलते आणि मिळणारे संकेत मंद होत जातात.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली हृदयाची झडप १९९०मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. तिच्या पॉलिएस्टरच्या शिवण-कड्यात ऊती शिरावी अशी अपेक्षा असते आणि आतल्या प्लास्टिकच्या चकतीवर काहीही चिकटू नये अशी. बोटाच्या पेराएवढ्या एकाच वस्तूवर दोन विरुद्ध मागण्या. "हे मटेरियल बायोकम्पॅटिबल आहे" असं कुणी नुसतं म्हणालं, की मी विचारते, कुठे, कशासाठी आणि किती दिवस?

३. शरीर तुमच्या लेपाला भेटतच नाही

सेन्सर आत गेल्यावर काही सेकंदांतच त्यावर प्रथिनं बसू लागतात. आधी अल्ब्युमिनसारखी संख्येने जास्त आणि चपळ प्रथिनं, मग त्यांना हटवून फायब्रिनोजेन, मग आणखी जड, पृष्ठभागाला घट्ट धरणारी. ही खुर्च्यांची अदलाबदल लिओ व्रोमन यांनी दाखवली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. (हे व्रोमन रक्तशास्त्रज्ञ होते आणि डच भाषेतले नावाजलेले कवीही.) पेशी पोचतात तेव्हा त्यांना समोर दिसतात ती ही प्रथिनं, आणि तीही बहुधा आकार बिघडलेली, उलगडलेली. त्यांच्यावरून पेशी ठरवतात की आलेला पाहुणा परका आहे.

पुढचं वेळापत्रक ठरल्यासारखं चालतं. पहिल्या एकदोन दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी, मागोमाग मॅक्रोफेज या भक्षक पेशी. मॅक्रोफेजला वस्तू गिळता आली नाही तर तो तिला चिकटून बसतो आणि आम्ल व ऑक्सिजनचे जहाल रेणू तिच्यावर सोडत राहतो. काही मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून अनेक केंद्रकांची महाकाय पेशी बनवतात. दोन ते चार आठवड्यांत भोवती कोलॅजेनची दाट पिशवी तयार होते, तिच्यात रक्तवाहिन्या फारशा नसतात. या सगळ्यात दोन नुकसानं वेगवेगळी आहेत आणि ती एकत्र मोजू नयेत. पिशवी ग्लुकोजची वाट लांबवते, हे एक. दुसरं, चिकटून बसलेल्या पेशी स्वतःच साखर आणि ऑक्सिजन खातात, त्यामुळे सेन्सरच्या तोंडाशी साखर खरोखरच कमी असते. तेव्हा सेन्सर खोटं बोलत नसतो. तो तेवढ्या जागेपुरतं खरं सांगत असतो.

४. निर्जंतुक केलेलं स्वच्छ असतंच असं नाही

हा मुद्दा लांबणार आहे. इतका वेळ आणि इतके प्राणी वाया घालवणारी दुसरी गोष्ट मी या क्षेत्रात पाहिलेली नाही.

जिवाणू मेले तरी त्यांच्या आवरणाचे तुकडे मागे राहतात. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या या तुकड्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात. आपल्या मॅक्रोफेजना त्यांची विलक्षण ओळख असते. अगदी अत्यल्प मात्रेनेही ते खवळतात. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांच्या वाफेत जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन जसंच्या तसं राहतं. काचेची भांडी त्यापासून मोकळी करायची तर २५० अंशांवर अर्धा तास कोरडी भाजावी लागतात. आणि ते येतं कुठून? प्रयोगशाळेतल्या "शुद्ध" पाण्याच्या टाकीतून. आठवडाभर साठवलेल्या डीआयोनाइज्ड पाण्यात क्षार नसतात, पण थोडक्यावर जगणारे जिवाणू मजेत वाढतात. त्याच पाण्यात लेप धुतला की झालं.

नैसर्गिक पॉलिमरमध्ये हा त्रास जास्त. कोळंबीच्या कवचापासून काढलेलं कायटोसान आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचं लाडकं आहे: स्वस्त, देशी, शोधनिबंधांत भरपूर. त्यावर धन प्रभार असतो आणि एंडोटॉक्सिनवर ऋण, त्यामुळे ते दोघं एकमेकांना सोडत नाहीत. समुद्री शेवाळातून येणाऱ्या अल्जिनेटचीही कथा तीच. नीट शुद्ध न केलेल्या अल्जिनेटभोवती ऊती जमते आणि शुद्ध केल्यावर ती प्रतिक्रिया बरीच ओसरते, हे जगभरच्या प्रयोगशाळांनी पाहिलं आहे. तरी अजून असे प्रबंध येतात ज्यांत "अ" लेपाने दाह झाला, "ब" लेपाने झाला नाही, म्हणून "ब" चांगला असा निष्कर्ष असतो, आणि दोन्हींत एंडोटॉक्सिन किती होतं याची ओळही नसते. परीक्षक म्हणून माझा पहिला प्रश्न तोच असतो. मुलांना मी छळते असं वाटतं. वाटू दे.

शरीरात बसवायच्या उपकरणासाठी अमेरिकी औषधसंहितेतली मर्यादा प्रत्येकी २० एंडोटॉक्सिन युनिटची आहे, मेंदू-मज्जारज्जूच्या द्रवाशी संबंध येत असेल तर २.१५ची. चाचणी हॉर्सशू खेकड्याच्या रक्तापासून बनवलेल्या द्रावणाने करतात आणि ती तासाभरात होते. प्राण्यांच्या प्रयोगाला महिने लागतात. कोणती आधी करायची, हे सांगायला नको.

५. पावसाळ्याची नोंद ठेवा

पॉलियुरेथेन टेट्राहायड्रोफ्युरानसारख्या द्रावकात विरघळवून त्यात तार बुडवायची आणि सावकाश वर काढायची, ही लेप चढवण्याची सर्वांत साधी रीत. तार वर काढण्याचा वेग वाढवला की थर जाड होतो, हे लँडाऊ आणि लेविच यांनी १९४२मध्ये गणिताने मांडून ठेवलं आहे. त्यांच्या गणितात पुण्याचा जुलै नव्हता. द्रावक झपाट्याने उडतो, तार थंड पडते आणि दमट हवेतलं पाणी तिच्यावर बारीक थेंबांनी जमतं. थर सुकल्यावर त्या थेंबांच्या जागी छिद्रं राहतात आणि लेप पांढुरका दिसतो. फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर भर पावसात लॅकर का मारत नाहीत, तेच इथलं कारण. फरक इतकाच की टेबल नुसतं वाईट दिसतं, सेन्सरचं ग्लुकोजचं गणित बदलतं.

एप्रिलमधली तुकडी उत्तम आणि ऑगस्टमधली वेडीवाकडी आली तर पॉलिमरच्या पुरवठादाराला पत्र लिहिण्याआधी आर्द्रतेची वही काढा. वही नसेल तर आजपासून ठेवा. तारेच्या टोकाला लोंबणारा थेंबही पाहा. थर तिथे सर्वांत जाड होतो आणि अनेक रचनांत एन्झाइमही नेमकं तिथेच असतं.

६. जो लेप धरत नाही, त्याच्या गुणांची चर्चा नको

सर्किट झाकायला पॅरिलीन-सी उत्तम. पोकळीत वाफेच्या रूपाने येतं, खोलीच्या तापमानालाच बसतं, कानाकोपरा सोडत नाही. पण ते आपल्यातून जवळजवळ काहीच जाऊ देत नाही, त्यामुळे मोजणारी खिडकी उघडी ठेवावीच लागते, आणि काच, सोनं, प्लॅटिनम यांना ते स्वतःहून नीट चिकटत नाही. आधी दोघांना धरून ठेवणाऱ्या सिलेनचा हात द्यावा लागतो. तो चुकला की लेपाच्या कडेने ओल शिरते आणि काही आठवड्यांत पापुद्रा सुटतो.

सिलिकोनला प्लाझ्मा दाखवला की ते पाणीप्रेमी होतं. थेंब पसरतो, विद्यार्थी फोटो काढतो. काही तासा-दिवसांत आतल्या लहान साखळ्या वर येतात आणि थेंब पुन्हा गोल होतो. म्हणून थेंब पृष्ठभागाशी करतो तो संपर्ककोन केव्हा मोजला, ही तारीख त्या कोनाइतकीच महत्त्वाची. मिठाच्या द्रावणात ३७ अंशांवर भिजत ठेवलेले नमुने, मग चिकटपट्टी लावून ओढणं, मग सूक्ष्मदर्शक. या कंटाळवाण्या कामातून न गेलेला लेप प्राण्यात घालू नये.

७. जखम सुईची असते

कितीही सुंदर लेप असला तरी तो आत जातो जखम करून. आत जाताना बारीक केशवाहिन्या तुटतात, रक्त साकळतं, आणि त्या गुठळीतल्या पेशी साखर वापरत राहतात. पहिल्या दिवसाचे विचित्र आकडे बरेचदा याचेच असतात. त्यासाठी लेप बदलण्यापेक्षा सुई बारीक करणं, तिचं टोक आणि घुसवण्याचा वेग सुधारणं जास्त फळतं.

आकारही बोलतो. १९७६मध्ये मॅटलागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लास्टिकच्या गोल, पंचकोनी आणि त्रिकोणी छेदाच्या कांड्या रोवून पाहिल्या; त्रिकोणीभोवती प्रतिक्रिया सर्वांत जास्त होती. रसायन तेच, कोपरे वेगळे. शिवाय मऊ ऊतीत ताठ तार असली की प्रत्येक हालचालीला ती घासते आणि जखम ताजी राहते. लेप मऊ आणि पाण्याने फुगलेला असावा असं मला वाटतं त्यामागे रसायनाइतकंच हे यंत्रशास्त्र आहे.

८. बशीत पास, पाठीत नापास

आयएसओ १०९९३ या मानकाचा पाचवा भाग पेशींवरच्या विषारीपणाबद्दल आहे. लेपाचा अर्क काढायचा, उंदराच्या पेशींवर घालायचा, सत्तर टक्क्यांहून कमी पेशी जिवंत राहिल्या तर नापास. ही चाचणी आवश्यक आहे आणि तिच्यात पास होणं फार सोपं आहे. लेपातून विष पाझरत नाही, एवढंच ती सांगते. आठवड्याने भोवती पिशवी बांधली जाईल की नाही, याबद्दल तिच्यात एक अक्षर नसतं.

नॅफियॉनचं उदाहरण मी दरवर्षी वर्गात देते. फ्लोरिनचा हा पॉलिमर ऋण प्रभाराचा, रसायनांना न बधणारा, नको ते रेणू अडवणारा. सेन्सरवाल्यांना तो फार आवडला. शरीरात गेल्यावर त्याच्या ऋण प्रभाराभोवती कॅल्शियम गोळा झालं, फॉस्फेटचे खडे बसले आणि पटलाला तडे गेले. मर्काडो आणि मूसी यांनी १९९८मध्ये हे नीट मांडलं. साध्या मिठाच्या द्रावणात हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण त्यात कॅल्शियम नसतं. पेसमेकरच्या तारांवरच्या पॉलियुरेथेननेही असाच धडा दिला होता: मॅक्रोफेजनी सोडलेल्या ऑक्सिडीकारक रेणूंनी आणि आतल्या धातूच्या आयनांनी त्याला भेगा पाडल्या.

प्राणीही विचारपूर्वक निवडा. उंदीर-घुशींची कातडी सैल असते, खाली स्नायूचा पातळ पडदा असतो आणि जखम आकसून भरते. डुकराची कातडी माणसाच्या कातडीच्या अधिक जवळची. घुशीत महिनाभर टिकलेला सेन्सर माणसात महिनाभर टिकेल असं लिहू नका. आणि प्रत्येक प्रयोगात नुसती सुई टोचून काढलेली एक जागा ठेवा, नाहीतर सुईचं पाप लेपाच्या माथी बसतं.

९. निर्जंतुकीकरणाची पद्धत पहिल्या महिन्यात ठरवा

वाफेने एन्झाइम मरतं. गॅमा किरणांनी काही पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, काहींच्या एकमेकींना जोडल्या जातात. इथिलीन ऑक्साइडला ओल आणि ऊब लागते आणि उरलेला वायू निघून जायला वेळ. तुमचा लेप यांतल्या कशातून सुखरूप बाहेर पडतो हे माहीत नसेल तर तुमच्याकडे अजून लेप नाही.

१०. औषधाचा लेप उसनी वेळ देतो

पेसमेकरवाल्यांनी हे फार आधी ओळखलं. १९८०च्या दशकात तारेच्या टोकातून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड थोडं थोडं सुटेल अशी रचना आली आणि बसवल्यानंतरच्या आठवड्यांत हृदयाला लागणारा विजेचा धक्का वाढत जायचा, तो आटोक्यात आला. ग्लुकोज सेन्सरमध्ये हीच कल्पना एव्हरसेन्स या सेन्सरने वापरली. दंडात कातडीखाली डॉक्टरांनी सरकवायची, दोन सेंटिमीटरहून किंचित कमी लांबीची ही कांडी. तिच्यात एन्झाइम नाही, ग्लुकोज आलं की उजळणारं जेल आहे, आणि अंगावर डेक्सामेथासोन अॅसिटेट भरलेलं सिलिकोनचं कडं. अमेरिकेत २०१८मध्ये तिला नव्वद दिवसांची परवानगी मिळाली, २०२२मध्ये एकशे ऐंशी दिवसांची आणि २०२४मध्ये वर्षभराची.

हे वर्ष एकट्या स्टेरॉइडचं नाही. मॅक्रोफेजांच्या ऑक्सिडीकारक रेणूंपासून जेल वाचवण्यासाठी रसायनातही बदल करावे लागले. म्हणून "औषध घाला, टिकेल" असं सूत्र काढू नका. प्राण्यांत दिसलंय ते असं की औषध संपलं की थांबलेली प्रतिक्रिया उठून कामाला लागते. शिवाय स्टेरॉइड जखम भरणंही लांबवतं, आणि मधुमेही माणसाची जखम आधीच हळू भरते. मात्रा, सुटण्याचा वेग आणि संपण्याची तारीख या तिन्ही गोष्टी लेपाच्या रचनेइतक्याच काटेकोर हव्यात.

११. नव्या पॉलिमरच्या बातम्या वाचा, पण कोणत्या प्राण्यातल्या ते पाहून

सध्या झ्विटरआयनी पॉलिमरचा बोलबाला आहे. एकाच रेणूवर धन आणि ऋण प्रभार शेजारी शेजारी, त्यामुळे पाणी इतकं घट्ट धरलं जातं की प्रथिनांना बसायला जागा मिळत नाही. जपानमध्ये इशिहारा यांनी पेशीच्या आवरणाची नक्कल करणारा एमपीसी पॉलिमर फार आधी विकसित केला. २०१३मध्ये जियांग यांच्या गटाने दाखवलं की असं जेल उंदरांत तीन महिने जवळजवळ पिशवीविना राहिलं. २०१८मध्ये एमआयटीच्या गटाने बाजारातल्याच सेन्सरवर झ्विटरआयनी लेप चढवला, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांतले आकड्यांचे हेलकावे कमी झाले.

माझं मत असं की पुढची दहा वर्षं या वाटेची आहेत. पॉलिइथिलीन ग्लायकॉलवर पूर्वी अशीच भिस्त होती. ते शरीरात हळूहळू ऑक्सिडाइझ होतं हे कळल्यावर उत्साह ओसरला. झ्विटरआयनी जेल मऊ आणि कमकुवत असतात, तारेला धरून राहणं हेच त्यांचं अवघड काम, म्हणजे पुन्हा सहावा मुद्दा. दुसरी एक वाट उलट दिशेची आहे: साधारण ३५ मायक्रॉनच्या एकसारख्या छिद्रांचा लेप, ज्यात रक्तवाहिन्याच शिरतात. वॉशिंग्टन विद्यापीठात रॅटनर यांच्या गटाने ते दाखवलं. दीर्घ मुदतीच्या सेन्सरसाठी मला ही कल्पना अधिक पटते, कारण तिथे ऊती दूर ठेवायची नसते, कामाला लावायची असते.

१२. वापरणाऱ्यांसाठी

दंडावर ग्लुकोज सेन्सरची गोल चकती लावलेली माणसं आता मुंबईच्या लोकलमध्येही दिसतात, आणि देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेली आहे. म्हणून हा शेवटचा मुद्दा त्यांच्यासाठी.

चकतीखाली खाज, लाली, पाण्याचे फोड आले तर दोष आतल्या तारेचा आहे असं धरू नका. २०१७मध्ये युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा रुग्णांत आयसोबॉर्निल अॅक्रिलेट या चिकटद्रव्यातल्या रसायनाची अॅलर्जी शोधून काढली, आणि २०२०मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने त्याला वर्षाचा अॅलर्जन ठरवलं. डॉक्टरांना दाखवा, सेन्सरचा प्रकार बदलून बहुधा भागतं. ताप आल्यावर घेतलेलं पॅरासिटामॉल काही सेन्सरमध्ये साखर वाढल्याचा भास निर्माण करतं, जास्त मात्रेतलं क जीवनसत्त्वही काहींमध्ये गोंधळ घालतं. आपल्या सेन्सरला काय चालत नाही ते पत्रकात लिहिलेलं असतं, ते वाचा. झोपेत त्या दंडावर अंग टाकलं तर तिथला रक्तप्रवाह दबतो आणि मध्यरात्री साखर घसरल्याचा इशारा वाजतो. सेन्सर लावल्याच्या पहिल्या दिवशीचे आकडे थोड्या संशयाने घ्या. आकडा एक सांगतोय आणि अंग दुसरंच सांगतंय, असं कधीही झालं तर इन्सुलिन टोचण्याआधी बोटाच्या थेंबावर साखर तपासा.